तिसऱ्या रांगेतला खोकला

माझं वाक्य चालू असताना कोणी खोकलं की मला त्याचा गळा धरावासा वाटतो. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, पण या एका बाबतीत मी सुधारलो नाही. साताऱ्याच्या एका प्रयोगात मी बोलता बोलता थांबून पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना म्हणालो होतो, "आधी तुमचं होऊन जाऊ द्या, मग मी मरतो." माझ्या पात्राचा मृत्यू दोन मिनिटांवर आला होता. टाळ्या पडल्या आणि ते गृहस्थ खाली मान घालून बाहेर गेले. त्यांना दमा होता, असं नंतर कळलं. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

त्यामुळे सांगलीच्या आमच्या नाट्यगृहात 'कानोसा' नावाचं यंत्र बसलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

दोन हजार पस्तीस सालच्या साथीत माणसं बंद सभागृहांमधून आजार घरी घेऊन गेली होती. पुढे नियमच झाला की दोनशेच्या वर खुर्च्या असतील तिथे खोकला ऐकणारं यंत्र हवं. आमच्याकडे ते यायला बेचाळीस साल उजाडलं. त्याच्याबरोबर आरोग्य खात्याकडून अन्विता डुंबरे आली. तिशीची, चष्मेवाली, बोलण्यात अस्सल इकडची. प्रकाशयोजनेच्या खोलीत एका कोपऱ्यात पडदा लावून ती बसायची. मी भडंगाच्या दोन पुड्या घेऊन तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मला शिकव. हे लोक का खोकतात?"

"सर, खोकला म्हणजे नुसता आवाज न्हवं," ती म्हणाली. "त्याचे तुकडे पडतात बघा."

तिने पडद्यावर एक खोकला ताणून दाखवला. माणूस आधी खोल श्वास घेतो. मग घशातलं दार घट्ट मिटतं, आत दाब साठतो आणि दार एकदम उघडतं. तो पहिला स्फोट. त्याच्यामागून हवेचा लोट येतो, आणि काहींच्या बाबतीत दार पुन्हा मिटताना शेवटचा एक आवाज. आपल्या कानाला हे सगळं मिळून 'खॉक' ऐकू येतं; कानोसाला त्यात वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात. छातीत कफ असला तर मधला तुकडा खरखरतो. श्वासनळ्या आवळलेल्या असल्या तर त्यात बारीक शिट्टी असते. पोटातलं आम्ल वर चढत असेल तर खोकला आखूड, घशाच्या घशात आणि पुन्हा पुन्हा येतो. रक्तदाबाच्या एका जातीच्या गोळीने महिनोन्‌महिने कोरडी ढास लागते आणि माणूस बिचारा पंख्याला दोष देत बसतो. काहींना तर नुसतं कानात काडी घातली तरी खोकला येतो, कारण घशाकडे जाणाऱ्या नसेची एक फांदी कानात गेलेली असते.

प्रत्येक रांगेखाली चार माइक होते. आवाज कुठल्या माइकला किती आधी पोचला, यावरून खुर्ची कळायची. नाव कळायचं नाही. प्रत्येक गळ्याला फक्त एक नंबर मिळायचा. पुन्हा तोच गळा आला की कानोसा त्याला ओळखायचा.

"आणि काही कारण नसताना खोकतात ते?" मी विचारलं.

"तेच तर सगळ्यात जास्त." तिने भडंगाचा बकाणा भरला. "घशात खवखव सगळ्यांनाच चालू असते सर, दिवसभर. मेंदू तिच्यावर ब्रेक दाबून बसलेला असतो. माणूस कशात गुंगला की ब्रेक घट्ट. मन जरा भरकटलं की ढिला. एक खोकला की शेजारच्या चौघांचा ब्रेक सुटतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे हे यंत्र कंटाळा मोजतं!"

"कंटाळा न्हवं ओ. लक्ष."

"एकच झालं," मी म्हणालो. "मला माझा आलेख दाखव."

तो दाखवायची तिला परवानगी नव्हती. पण भडंग खाऊन झालं होतं.

आमचं नाटक होतं 'सांडवा'. मी धरणावरचा निवृत्त अभियंता आणि निषाद खैरमोडे माझा मुलगा. पुराच्या दिवशी धरणाचे दरवाजे कोणी उघडले, हे बापाने वीस वर्षं लपवलेलं असतं. दुसऱ्या अंकात मुलगा सहा मिनिटं त्याला जाब विचारतो आणि त्यानंतर बापाचं सात मिनिटांचं स्वगत. ते स्वगत म्हणजे माझ्या कारकिर्दीचा कळस, असं छापून आलं होतं. विशेषतः त्यातला विराम. 'फोन आला. मी उचलला,' एवढं म्हणून मी थांबतो आणि मग कबुली देतो. एका समीक्षकाने त्या विरामावर अख्खा परिच्छेद खर्च केला होता. तो कापून मी पाकिटात ठेवला होता.

आलेखात निषादच्या सहा मिनिटांत एकही खोकला नव्हता. साडेसहाशे माणसं, एकही नाही. माझ्या सात मिनिटांत अकरा.

निषाद सत्तावीस वर्षांचा. इस्लामपूरहून एकांकिका स्पर्धा मारत मारत वर आलेला. प्रत्येक प्रयोगाआधी माझ्या पाया पडायचा. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. गुणी आणि नम्र माणसाचा हेवा करणं फार त्रासाचं असतं, कारण शिव्या द्यायला जागाच राहत नाही. मी तरी ती शोधून काढली.

"आणखी एक विचारू का सर?" अन्विता म्हणत होती. "एक गळा आहे. दोनशे बारा नंबर. तुमच्या इथल्या सगळ्या प्रयोगांना हजर असतो आणि फक्त तुमच्या स्वगतात खोकतो. दोनदाच. बाकी सगळं नाटक गप्प. निषादसरांच्या वेळी तर चिडीचूप. यंत्राला कारण सापडंना. छातीत काही नाही, घशात काही नाही. मुद्दाम काढलेला आवाज वाटतोय. कंटाळ्याचा म्हणावा तर..."

"कुठली खुर्ची?"

"सी रांग, सात. पण ऐका की, शांतता चार सेकंदांच्या वर गेली की मगच..."

मी पुढचं ऐकलं नाही. उठलो आणि बाहेर पडलो. सी-सात माझ्या बायकोची खुर्ची होती.

वृषाली मला भेटली ती विंगेत. राज्य नाट्यस्पर्धेच्या आमच्या पहिल्या नाटकात ती प्रॉम्प्टर होती. कोणी वाक्य विसरलं तर पुरवायला वही हातात धरून उभी राहायची. मी तिला म्हणालो होतो, "बाकीच्यांना सांभाळ. शैलेश हुपरीकरला प्रॉम्प्टिंग लागत नाही." हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं मुलाखतींमधून ऐकवत आलो. लग्नानंतर ती शाळेत गणित शिकवायला लागली. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाली आणि माझ्या प्रत्येक प्रयोगाला येऊन बसू लागली. कोल्हापूर असो, कराड असो, नाटकाच्या गाडीत बसून यायची. नेहमी तिसरी रांग, सात नंबर. मला वाटायचं, आता वेळ मिळाला म्हणून येते, प्रेमाने येते.

ती मुद्दाम खोकत होती. माझ्याच स्वगतात, माझ्याच विरामात. आणि निषादच्या वेळी श्वास रोखून बसत होती.

एकदा डोळे उघडले की काय काय दिसायला लागतं! गाडीत ती निषादला ज्येष्ठमधाच्या काड्या द्यायची. मला कधी दिल्या नव्हत्या. कराडच्या वाटेवर चहाला थांबलो, तेव्हा दोघं संहितेच्या वहीत डोकं घालून काहीतरी कुजबुजत होती. मी जवळ गेलो तशी वही मिटली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही. त्याला जरा शंका होत्या," वृषाली म्हणाली.

"मग मला विचार ना रे. मी काय मेलो?"

"तसं नाही सर," निषाद म्हणाला आणि चहाच्या कपात बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मी ते कान मनात नोंदवून ठेवले. साठ वर्षांची बाई आणि सत्तावीसचा मुलगा, यात वेडंवाकडं काही नाही हे मलाही कळत होतं. पण मला तेवढ्याने बरं वाटत नव्हतं. तिने माझ्याकडे सोडून दुसऱ्या नटाकडे जीव लावून बघावं, हेच माझ्या जिव्हारी लागलं होतं. नवऱ्याला हे सोसेलही एखाद्या वेळी, नटाला सोसत नाही.

रविवारी चारचा प्रयोग होता. सकाळी ती थालीपीठं लावत होती. माझ्या पोटात आठ दिवसांचं साचलेलं होतं.

"तुला माझ्याच स्वगतात खोकला येतो?"

तिचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"यंत्र म्हणालं. तुझ्या छातीत काही नाही, घशात काही नाही. मुद्दाम खोकतेस. माझा विराम तुला एवढा जड जातो?"

तिने थालीपीठाच्या कडेने तेल सोडलं. मग म्हणाली, "हवा कोरडी असते तिथली."

"निषादच्या प्रवेशात ओली होते वाटतं!"

माझा आवाज चढला. ती चिडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"शैलेश, ते स्वगत एकदा म्हणून दाखवतोस? इथंच. माझ्यासमोर."

"मी काय शाळेतलं पोर आहे, पाढे म्हणून दाखवायला?"

"एकदाच."

"आजपासून प्रयोगाला यायचं नाही," मी म्हणालो. "सी-सात विकायला सांगितलंय मी खिडकीवर. आवडतंय त्याचं काम, तर त्याच्या एकांकिका बघ जाऊन."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. "सांभाळून कर."

थालीपीठ करपलं होतं. ते तिने स्वतःच्या ताटात घेतलं.

तिसरी घंटा झाली. पडदा वर जाताना मी सी-सातकडे पाहिलं. तिथे एक जाडजूड गृहस्थ बसले होते. मला जिंकल्यासारखं वाटलं. पहिला अंक माझा असा रंगला की मध्यंतरात निषाद येऊन म्हणाला, "सर, आज काय लागलाय तुमचा सूर!" मी म्हणालो, "आज डोक्याला ताप नाही."

दुसऱ्या अंकात त्याची सहा मिनिटं झाली. प्रेक्षागृह गप्प होतं. तो स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसला, ठरल्याप्रमाणे. मी पुढे आलो. धरणाचं वर्णन केलं, पावसाचे आकडे सांगितले, पाण्याची पातळी सांगितली. आवाज खाली आणला.

"फोन आला. मी उचलला."

आणि थांबलो.

विराम मोठा घ्यायचा असं मी ठरवलंच होतं. आज मला कोणी तोडणार नव्हतं. साडेसहाशे माणसं माझ्या ओठांकडे बघत होती. आता बोलू, म्हणून मी तोंड उघडलं.

पुढे काहीच नव्हतं.

वाक्य अडलं होतं असं नव्हे. वाक्य अडलं की निदान त्याचं शेपूट हाती लागतं. इथे फोन कोणाचा होता हेच मला माहीत नव्हतं. मी कोण, हे धरण कुठलं, समोर पाठ करून बसलेला हा मुलगा कोण, काही कळेना. समोर अंधार होता आणि त्या अंधारात माणसं आहेत एवढंच कळत होतं. मी कशाची तरी वाट बघत होतो. विंगेतून नव्हे, समोरून, डाव्या बाजूने, जवळून, काहीतरी यायला हवं होतं. ते नेहमी यायचं. मी त्या दिशेला पाहिलं. तिथे ते जाडजूड गृहस्थ होते.

कोणीही खोकलं नाही. जन्मभर मला हवी होती तशी शांतता होती ती.

मग स्टुलावरून, पाठमोऱ्या निषादकडून, आवाज आला. दोनदा. बारीक, कोरडा, मध्ये सारखं अंतर ठेवून. वृषाली खोकते तसा.

"आणि दरवाजे मीच उघडले," मी म्हणालो.

वाक्य आपसूक आलं आणि त्याच्यामागे उरलेली चार मिनिटं आली. टाळ्या बराच वेळ चालल्या. मी पडद्यामागे खुर्चीत जाऊन बसलो.

निषाद मेकअप न उतरवता माझ्या समोर उकिडवा बसला.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"काकूंनी. म्हणाल्या, एखाद्या प्रयोगाला मी नसले तर तू खोकायचंस. दोनदा. जास्त मोठ्याने नाही. गाडीत, चहाला, सगळीकडे तेच शिकवत होत्या मला. कुठल्या वाक्यानंतर, किती थांबून. मला जमतच नव्हतं, सर. त्यांच्यासारखं व्हायला घसा कोरडा करायला लागतो. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

ज्येष्ठमधाच्या काड्या त्यासाठी होत्या. खोकण्याचा सराव करून पोराचा घसा बसला होता.

बाहेर पडताना अन्विता जिन्यात उभी होती. "सर, तुमच्या स्वगतात आज रांगांमधनं शून्य आलंय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिने हातातला छोटा पडदा माझ्याकडे वळवला. "हे मी त्या दिवशीच दाखवत होते. खोकल्याच्या मागची शांतता पण यंत्र मोजतंय. जानेवारीत तुमचा विराम चार सेकंदाचा होता. मार्चला सहा. मे महिन्यात नऊ. दोनशे बारा नंबर खोकला की तुमचं वाक्य यायचं, दरवेळी. आज तेवीस सेकंद लागले. मी डॉक्टर न्हवं सर. पण कुणाला तरी दाखवा."

आजारी माणूस खुर्च्यांमध्ये शोधायला बसवलेलं यंत्र होतं ते. माझ्या पाकिटात विरामावरचा तो परिच्छेद होता. तो मी जिन्यातच फाडला.

घरी आलो तर वृषाली व्हरांड्यात बसली होती. दिवेलागण झाली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"किती दिवस चाललंय हे?" मी म्हणालो.

"दीड वर्ष. मी निवृत्त झाले त्याच्या आधीच्या महिन्यात, तालमीत पहिल्यांदा झालं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू वही भिंतीवर फेकलीस आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. विंगेत उभी राहते म्हटलं तर म्हणालास, शैलेश हुपरीकरला प्रॉम्प्टिंग लागत नाही." तिने पदराने चष्मा पुसला. "मग मी तिकीट काढलं."

आठ दिवस बोललो नव्हतो हे मला आठवत होतं. कशावरून, ते आठवत नव्हतं.

एवढं सगळं होऊनही माझ्या मनात एक काटा उरला होता. लाज वाटत होती, तरी मी विचारलंच. "आणि निषादच्या वेळी? तेव्हा कशी चिडीचूप असतेस? एवढा आवडतो त्याचा प्रवेश?"

मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं.

"त्याचा प्रवेश मी अजून पाहिलेलाच नाही, शैलेश. ती सहा मिनिटं मी डोळे मिटून तुझं स्वगत मनात म्हणत असते. माझं चुकायला नको ना."

मी तिच्या शेजारच्या पायरीवर बसलो. मला जे रडू आलं ते चाळीस वर्षांत रंगमंचावर एकदाही जमलं नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि नाटक हळूहळू सोडा म्हणाले. 'सांडवा'चे पाच प्रयोग ठरलेले होते. तेवढे करायचे आणि थांबायचं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

पहिल्याच प्रयोगाला डाव्या विंगेत मी स्वतः खुर्ची नेऊन ठेवली. सगळ्या मंडळींना बोलावलं आणि सांगितलं, "या वृषाली हुपरीकर. आपल्या प्रॉम्प्टर." निषाद आधी तिच्या पाया पडला, मग माझ्या. मला जरासं झोंबलं. सवय जात नाही.

मध्यंतरात अन्विताने मला गाठलं. वर्षअखेर आली होती आणि तिला प्रत्येक अनोळखी खोकल्यापुढे कारण भरायचं होतं. "दोनशे बारापुढे काय लिहू सर?" मी तिच्या पडद्यावर बोटाने लिहिलं: नवरा. ती म्हणाली, "यंत्र हे घ्यायचं नाही." मग तिने थोडा विचार केला आणि ते तसंच ठेवलं.

दुसरा अंक. निषादची सहा मिनिटं झाली, तो पाठ करून बसला. मी पुढे आलो.

"फोन आला. मी उचलला."

त्या दिवशी पुढचं वाक्य मला स्पष्ट आठवत होतं. अगदी जिभेवर होतं. तरी मी थांबलो आणि विंगेकडे पाहिलं. वृषालीने वहीवर बोट ठेवलं आणि शब्द पुरवायला ओठ उघडले. मी जराशी मान हलवली. नको, ते नको. तिला कळायला एक क्षण लागला.

मग तिने वही मांडीवर ठेवली आणि ती दोनदा खोकली.

"आणि दरवाजे," मी म्हणालो, "मीच उघडले."